दत्ता, मी दर वाढवलेत

तुझ्या दहाव्याला घाटावर माईक होता. असणारच. आपल्याकडे दहावं म्हणजे निम्मी सभाच असते. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली आणि एकामागून एक उठून सगळ्यांनी तुला देवमाणूस करून टाकलं. शेवटच्याने तर तुला थेट देव्हाऱ्यातच बसवलं. तुझी बायको मंगल तोंडाला पदर लावून बसली होती आणि तिच्या शेजारी मी चुळबुळ करत होते. बसवतही नव्हतं आणि उठून जाणंही बरं दिसलं नसतं.

मग माझं नाव पुकारलं. डॉक्टरसाहेबांबरोबर आयुष्य काढलेल्या भुलीच्या मॅडम दोन शब्द बोलतील, म्हणे. मी मान हलवून नको म्हटलं. लोकांना वाटलं, बाईंना रडू आवरत नाहीये. खरं सांगू? मला राग आला होता. माणसाला देव म्हटलं की बाकीच्यांची सुटका होते. देवाने केलं ते आपल्याला कुठून जमणार, असं म्हणून सगळे हात झटकून घरी जेवायला मोकळे. तू देव नव्हतास. तू एक हट्टी, चिडका, फार चांगला सर्जन होतास आणि आपलं भांडण अर्ध्यावर टाकून निघून गेलास. हे त्या माईकवर कसं बोलायचं? म्हणून इथे तुझ्याशीच बोलते. उत्तर मिळणार नाही हे कळतंय, पण गप्प बसणं मला कधी जमलं नाही.

आपण पहिल्यांदा भांडलो ते कॉलेजात, प्रेताच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून. तू पिंपळवंडीचा, मी मंचरची, म्हणून आपल्याला एका टेबलावर दिलं असावं. कुठली नस कुठे जाते यावरून तू माझ्याशी पैज लावलीस आणि हरलास, आणि हरल्यावर म्हणालास की पुस्तकच चुकीचं आहे. पुढे तू घोडेगावात दवाखाना टाकलास आणि मला म्हणालास, पुण्यात तुला कोण विचारतंय, ये इकडे, भूल द्यायला कुणी नाही. अशी विनवणी फक्त तूच करू जाणे. मी आले आणि राहिले. लोक झोपायला माझ्याकडे येतात आणि मी तुला मात्र सुखाने झोपू देत नाही, असं तू सगळ्यांना सांगत फिरायचास.

तुझ्या काटकसरीला पुष्कळ लोक कंजुषी म्हणायचे. मी म्हणायचे नाही. बाकड्यांना रंग नव्हता, वाट बघायच्या खोलीत पंखा कुरकुरायचा, आणि एकदा वापरून फेकायच्या निळ्या चादरींऐवजी आपल्याकडे जाड सुती चादरी धुऊन, वाफेच्या यंत्रात घालून पुन्हा यायच्या. पण ते वाफेचं यंत्र जरा जरी संशयास्पद वागलं तर तू ऑपरेशन पुढे ढकलायचास, मग समोर कुणीही असो. टाक्याचा दोरा चांगल्यातलाच हवा. बाहेरून तपासणी करून आलेल्या माणसाला तीच तपासणी पुन्हा करायला लावायची नाही. ज्याने रोग्याला फरक पडत नाही त्यावर पैसा घालायचा नाही, ज्याने पडतो तिथे हात आखडायचा नाही. हे मलाही शंभर टक्के मान्य होतं. भांडण एवढंच होतं की नर्स कुठल्या बाजूला बसते.

पण त्याआधी तुझ्या बाळंतिणीबद्दल बोललं पाहिजे, कारण ती कल्पना तुझी होती आणि ती भारी होती, हे मी तुला तोंडावर कधीच नीट म्हटलं नाही.

आपल्याकडे माणूस दवाखान्यात पडला की त्याला बघायला जाणं भागच असतं. नाही गेलं तर पुढच्या लग्नात बोलणी खावी लागतात. जीप भरून माणसं यायची, बिस्किटाचे पुडे आणि मोसंबी घेऊन, शेतातल्या पायांनी थेट खाटेवर चढून रोग्याच्या टाक्यांना टेकून बसायची. मी भेटायच्या वेळेची पाटी लावली. वॉचमन ठेवला. तो दोन वेळा मार खाऊन काम सोडून गेला. तू ती पाटी काढून टाकलीस. दाराशी एका म्हातारीला अडवून विचारलंस, "मावशे, घरात बाळंतीण असली तर बाहेरनं आलेला माणूस तसाच आत घुसतो का?" ती म्हणाली, "घुसंल कसा? हातपाय धुईल, मंग जाईल. आन् बाजंवर तर बसायचंच न्हाई." तू म्हणालास, "मंग तुमचा हा दादला आता बाळंतीण हाय असं समजा."

तिचा दादला म्हणजे जुना पैलवान, मिशांना पीळ देऊन पडलेला. हर्नियाचं ऑपरेशन होतं. सगळा वॉर्ड हसला. पण त्या दिवसापासून दाराशी नळ आला, साबण आला, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण न सांगता हातपाय धुऊन आत यायला लागला. जे पाटीला जमलं नाही, वॉचमनला जमलं नाही, ते घरातल्या बाळंतिणीने केलं. मग तू पुढची पायरी गाठलीस. बाळंतिणीला बघायला येणारी बाई नुसती बसून राहत नाही, चार कामं उरकून जाते. मग इथेही करा. रोग्याला धरून उठवा, व्हरांड्यातून चालवा, त्याला फुगा फुगवायला लावा म्हणजे छाती भरणार नाही. माणसं हौसेने करायची. एकेका म्हाताऱ्याला चालवायला तीन तीन जावई असायचे.

जखमा चिघळणं कमी झालं. माणसं लवकर घरी जायला लागली. महागडी इंजेक्शनं कपाटात पडून जुनी व्हायला लागली आणि औषध कंपनीचा माणूस तोंड पाडून चहा पिऊन जायला लागला. लोकांचं बिल उतरलं आणि उपचार सुधारला, दोन्ही एकदम. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून नंतर मी तुझ्याशी जे भांडले ते तुझी कल्पना वाईट होती म्हणून नाही. ती इतकी चांगली होती की तिने तुला बेसावध केलं.

धर्माबाबा आले तेव्हा त्यांचं आतडं फुटून बराच वेळ झाला होता. तळेघरच्या वरच्या वाडीतला माणूस, दुखणं अंगावर काढायची सवय. खाली येईपर्यंत पोट फळीसारखं कडक. तू फार सुंदर ऑपरेशन केलंस. मी डोक्याशी उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते की या माणसाचे हात बघावेत आणि तोंड बंद ठेवावं. सोबत त्यांची सून होती, हिरा. एकटीच, कारण घरात बाकी सगळे भाताच्या आवणीला गुंतलेले. तिला नर्सने सांगितलं होतं की तोंडाने काही द्यायचं नाही. पण तू दाराशी नेहमीचं सांगितलंस की तुझा सासरा आता बाळंतीण आहे, त्याला तसंच जप.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण दोघं एका सिझेरियनमध्ये होतो आणि शिकलेली अशी जी एकच नर्स त्या पाळीला होती, ती आपल्या हाताशी होती. वॉर्डात हिरा आणि झाडलोट करणारी मावशी. धर्माबाबा कुरकुरले की भूक लागली. बाळंतिणीला उपाशी ठेवतं का कुणी? हिराने घरून आलेली नाचणीची खीर त्यांना भरवली, तूप घालून. वर डिंकाचा लाडू कुस्करून दिला, कंबरेत ताकद यावी म्हणून. तिने अगदी मनापासून, जसं जपायचं तसंच जपलं.

बाबांना उलटी झाली आणि ती श्वासात गेली. मावशीची हाक ऐकून, कंबरेत भूल दिलेल्या जाग्या बाईला नर्सवर सोपवून, मी हातमोजे काढत धावले. ते निळे पडले होते. नळी घातली, जेवढं ओढून काढता आलं तेवढं काढलं, आणि ॲम्ब्युलन्समध्ये पुण्यापर्यंत हाताने श्वास देत गेले. तू मागे सिझेरियनच्या बाईचं पोट शिवत राहिलास, कारण तिला सोडून येता येत नव्हतं. बाबा वाचले. पण कितीतरी दिवस यंत्रावर काढून वाचले, आणि परत आले ते अर्धे होऊन. आजही चढ चढताना त्यांना मध्ये बसावं लागतं.

हिराला तू रागावला नाहीस. तिचा हात धरून सांगितलंस की तुझी काही चूक नाही, पोरी, चूक माझी आहे. मला ते आवडलं होतं. किती डॉक्टर असं म्हणतील? मला वाटलं, आता तू नर्स ठेवशील.

तू काय केलंस? उपमा बदललीस. चार दिवसांनी दाराशी उभं राहून सांगायला लागलास की पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस म्हणजे नवरात्रात घटी बसलेला माणूस. कडक उपवास. डॉक्टर उठवतील तेव्हाच उठायचं. लोकांना हेही लगेच कळलं आणि पुन्हा कुणी लाडू भरवला नाही, हे खरं आहे. पण मी तुला चहाच्या खोलीत गाठलं आणि म्हणाले, "दत्ता, उपमेला पगार द्यावा लागत नाही म्हणून ती तुला आवडते."

तुला लागलं ते. तू कप खाली ठेवलास. मग म्हणालास, "सुमन, शिकलेल्या नर्स ठेवायच्या तर दर वाढवावा लागेल. दर वाढला म्हणून वरची माणसं यायची थांबणार नाहीत. उशिरा येतील. आणि उशिरा आलेलं पोट उघडल्यावर तुझ्या दहा नर्स आतून काय काढणार आहेत?"

 त्यावर मला नंतर उत्तरं सुचली, वेगवेगळी सुचली आणि मी ती तुझ्यावर फेकत राहिले. मी म्हणायचे, स्वस्त आणि धोक्याचं हे स्वस्त नव्हे. तू म्हणायचास, चांगलं आणि आवाक्याबाहेरचं हे चांगलं नव्हे. मी म्हणायचे, धर्माबाबांना पुण्याला जे बिल पडलं त्यात आपल्या नर्सचा पगार निघाला असता. तू म्हणायचास, तो एक म्हातारा तुला दिसतो, कारण तो आपल्याकडे आला. जे आलेच नसते ते तुला दिसत नाहीत. शिकलेल्या नर्स हव्यातच, या अटीपायी आपण सरकारी योजनेच्याही बाहेर राहिलो, ज्यात या माणसांना फुकट उपचार मिळाले असते. त्यावर तुझं म्हणणं की योजनेचे पैसे हातात येईपर्यंत दवाखाना कशावर चालवायचा? दर वेळी एक जण उठून जायचा. पुढच्या दिवशी टेबलाशी पुन्हा दोघं, तू हात पुढे करायचास आणि मी मान हलवायचे की हो, झोपला, कर सुरू.

आणि मग त्या सकाळी ओपीडीत एका बाईचं पोट तपासताना तुझा हात तिथेच थांबला. ती बाई म्हणाली, डाक्टर असं का बघत्यात? मेंदूत रक्तस्राव. पुन्हा ॲम्ब्युलन्स, पुन्हा तोच रस्ता, पुन्हा मीच डोक्याशी. आयुष्यभर मी माणसांना झोपवलं आणि वेळ झाली की कानाशी नाव घेऊन उठवलं. तुलाही हाक मारली. डोळे उघड म्हटलं, जीभ दाखव म्हटलं, रोज म्हणते तसंच. तू माझं कधी ऐकलं नाहीस, तेव्हाही ऐकलं नाहीस.

पुण्याचं ते हॉस्पिटल मोठं होतं. मी डॉक्टर म्हणून मला आत येऊ द्यायचे. तुझ्या खाटेशी बसून मी काय केलं असेल? मी चोरून शिकत होते, दत्ता. तुझा जीव टांगणीला लागलेला आणि मी बघतेय की इथे काय चांगलं आहे आणि त्यातलं किती पैशाचं आहे. तुला आवडलं असतं. तिथली एक गोष्ट मला झोंबली. इंजेक्शन द्यायच्या आधी एक नर्स औषधाचं नाव आणि मात्रा मोठ्याने वाचायची, दुसरी कागदावर बघून तेच पुन्हा म्हणायची, मगच सुई टोचायची. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी अशी एक चूक हातात असताना पकडली. याला यंत्र लागत नाही, वातानुकूलित खोली लागत नाही. लागतात दोन माणसं, वाचता येणारी. मी तुझ्याकडे वळून म्हणाले, बघ, दोन. आणि तिथे पहिल्यांदा मला रडू फुटलं.

खाली गाड्या लावायच्या जागेत आपली माणसं आली होती. तळेघरची, वाड्यांवरची, पिंपळवंडीची. आत सोडणार नाहीत हे त्यांना सांगितलेलं होतं, तरी आली. गाड्या धुवायला तिथे एक नळ होता. एकेक जण जीपमधून उतरायचा, त्या नळावर हातपाय धुवायचा आणि मग भिंतीशी जाऊन उभा राहायचा. आत तर जायचंच नव्हतं कुणाला. सुरक्षारक्षकाने मला विचारलं की मॅडम, ही माणसं पाय का धुताहेत?  त्या रांगेत हिरा होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली, तेव्हा मला वाटलं दुःखाने घातली असेल.

आता तुझ्या मागे काय झालं ते ऐक. नारायणगावचा एक तरुण सर्जन ऑपरेशनं करायला यायला तयार आहे. हात चांगला आहे, बोलतो कमी, म्हणजे तुझ्या बरोबर उलट. त्याची अट एकच. प्रत्येक पाळीला दोन शिकलेल्या नर्स, नाहीतर तो टेबलाला हात लावणार नाही. त्या ठेवायच्या तर दर वाढवायचा, नाही वाढवला तर दवाखान्याला कुलूप. तिसरी वाट मी खूप शोधली, नाही सापडली. मी मंगलला सांगायला गेले. ती ओट्यावर गहू निवडत होती. तिने वर न बघता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांनी वरच्या माणसांना शब्द दिला व्हता, दर वाढायचा न्हाई. वाढवायचाच असंल तर आधी पाटीवरचं त्यांचं नाव काढा, मंग वाढवा."

तुझ्या बायकोशी भांडायची माझी हिंमत नाही. ती मी तुझ्यावरच खर्च केली. पण तिच्या त्या बोलण्याने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. ज्यांच्यासाठी दिलेला शब्द, त्यांना जाऊन विचारावं, असं तेव्हा मनात आलं. तुझ्या-माझ्या इतक्या वर्षांच्या भांडणात वरच्या माणसांना काय झेपेल आणि काय नाही यावर आपण किती बोललो! चहाच्या खोलीत बसून बोललो.

एसटीने तळेघरला गेले. परतीची गाडी कधी आहे ते कंडक्टरला दोनदा विचारून ठेवलं आणि वाडीपर्यंत चालत गेले. अंगणात हिरडा वाळत घातला होता. धर्माबाबा सावलीला बसून त्यातला कचरा वेचत होते, मध्ये मध्ये थांबून श्वास घेत. मला बघून उठायला लागले, मी हाताने बसवलं. हिराने कोरा चहा आणला आणि दाराच्या आत जाऊन उभी राहिली.

मी आडवळण घेतलं नाही. सगळं सांगितलं. नर्स ठेवायच्या, दर वाढवायचा, नाहीतर बंद करायचं. योजनेत बसलो तर पुढे कार्डावर फुकट होईल, पण ते कधी होईल ते मलाही माहीत नाही, तोवर खिशातून जास्त द्यावे लागतील. तुमचं काय म्हणणं?

बाबांनी हातातला कचरा बाजूला टाकला. मग म्हणाले, "वाढवा, बाई. दवाखाना ऱ्हायला पायजे. पर मंग आमी जरा थांबून येऊ. पोट दुखलं तर आधी ओवा खाऊ, मंग झाडपाल्याचं बघू, मंग तुमी."

मला तुझा आवाज ऐकू आला, दत्ता. शब्दन् शब्द तू म्हणायचास तेच. ज्या माणसाला मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून तुझ्यासमोर नाचवत होते, तो तुझ्या बाजूने बोलत होता.  आता इथून उठून मंगलला जाऊन काय सांगायचं ते कळेना.

तेव्हा हिरा आतून बोलली. हळू बोलली, जणू दाराशी बोलतेय. "बाई, त्या दिवशी तिथं नर्स असती, तर तिनं मला लाडू भरवू दिला असता का?"

मी नाही म्हटलं.

"मंग डाक्टर मला म्हणालं, तुजी चूक न्हाई. आन् पुन्हा नर्स ठेवली न्हाई त्यांनी. मी समजून गेले, माझं मन राखाया बोललं ते. चूक माझीच व्हती."

बाबांचा हात थांबला. त्या घरात हे आधी कधी बोललं गेलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. इतकी वर्षं ती बाई सासऱ्याला धाप लागली की दुसरीकडे बघत होती. पुण्यात त्या नळाशी मान खाली घातली ती याचसाठी. तू तिला माफ केलंस, अगदी मनापासून केलंस, मी शेजारी उभी होते. पण माफीनंतर तू वॉर्डात काहीही बदललं नाहीस, फक्त दाराशी काय बोलायचं ते बदललंस, आणि तिने त्याचा सरळ अर्थ लावला. दवाखान्यात उणीव असती तर ती भरून काढली असती ना? काढली नाही, म्हणजे उणीव नव्हतीच. मग चुकलं कोण?

मी तिला जवळ घेतलं. मला असं पटकन कुणाला जवळ घेता येत नाही, तुला माहीत आहे. तिला सांगितलं की तिथे एक माणूस असायला हवं होतं आणि नव्हतं, आणि ते ठेवणं आमचं काम होतं.  बाबा म्हणाले, "हिरे, मला बी भूक लागली व्हती. मीच मागितला." मग तिचा बांध फुटला. मला ती एसटी चुकली, पुढची यायला फार वेळ होता, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

खाली आल्यावर मंगलला हे सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर ती आत गेली, देवापाशी दिवा लावला, बाहेर आली आणि म्हणाली की त्यांना हे कळलं असतं तर त्यांना जेवण गेलं नसतं. मी म्हटलं, कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी नर्स ठेवली असती. मंगल म्हणाली, नाव राहू दे पाटीवर.

तर मागच्या महिन्यात मी नवा दर फळ्यावर लिहिला. अक्षर वाकडं आलं. वयाने म्हण हवं तर. नर्स यायला लागल्यात, पाळीला दोघी, सगळ्या आपल्याच भागातल्या आहेत. औषध द्यायच्या आधी एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने परत म्हणायचं, हे पहिल्या दिवसापासून लावलंय आणि याला एक पैसाही लागलेला नाही. दाराशी हातपाय धुणं चालू आहे, व्हरांड्यातून म्हाताऱ्यांना चालवणारे जावई चालू आहेत. नव्या सर्जनला मी सांगितलंय की हे बंद करायचं असेल तर दुसरी भुलीची बाई शोध. सुती चादरीही तशाच आहेत. योजनेचा अर्ज गेलाय. आणि आठवड्यातून एक दिवस मी तळेघरला जाऊन बसणार आहे, पोट दुखल्या दिवशीच कुणीतरी हात लावून बघावं म्हणून. पुरेल का ते? मला माहीत नाही. मी सर्जन नाही आणि एसटी कधी येईल याचाही भरवसा नाही.

तुझे आभार मानायचे राहिलेत आणि ते कसे मानायचे ते कळत नाही. तुझ्याशी भांडून मी चांगली डॉक्टर झाले. तू नुसता हो म्हणणारा असतास तर मी केव्हाच पुण्यात जाऊन थंड खोलीत बसले असते. आता चहाच्या खोलीत मी एकटी असते आणि तुझ्या वाटचंही मीच बोलते. स्वस्त आणि धोक्याचं म्हणजे काय, यावर मला आता चोख बोलता येतं. शब्द मोडल्याबद्दल विचारलंस तर हिराचं नाव सांगेन. तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं जमवलीत मी, दत्ता, एक सोडून. रोज सकाळी दार उघडल्यावर बाकड्यावर बसलेली माणसं मी मोजते आणि मग तेच घोळत राहतं. दर वाढला म्हणून जो आलाच नाही, तो मला कसा दिसणार?